पुण्यातले आफ्रिकन विद्यार्थी आणि आपण: सारखे विचारले जाणारे प्रश्न, दोन्ही बाजूंचे

आधी हा कोण शहाणा ते सांगतो. मी मूळचा सातारचा, शिकायला पुण्यात आलो आणि २०११ ते २०१३ कोंढव्यात एका टांझानियाच्या मुलाबरोबर फ्लॅट शेअर केला. पुढे आईबाबा धायरीला राहायला आले, वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, तेव्हा त्याच्याच ओळखीतून दोन मुली आल्या, एक मोझांबिकची, एक इथिओपियाची. तेव्हापासून ओळखीतून ओळख निघत निघत माझा फोन म्हणजे चौकशीची खिडकी झालाय. घरमालक विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, तिकडून आलेली मुलंही विचारतात, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. वकील नाही, समाजशास्त्रज्ञ नाही, बघितलंय तेवढं सांगतो.

आफ्रिकन म्हणजे नायजेरियनच ना?

नाही हो. आफ्रिकेत ५४ देश आहेत. पुण्यात येणारा मुलगा सुदानचा असेल तर घरी अरबी बोलतो, काँगो किंवा आयव्हरी कोस्टचा असेल तर फ्रेंच येतं, मोझांबिक-अंगोलाचा असेल तर पोर्तुगीज (गोव्यातल्या जुन्या पिढीशी त्याची गट्टी लवकर जमेल), इथिओपियाचा असेल तर अम्हारिक आणि तिची लिपीसुद्धा वेगळी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोघींची एकमेकींशी बोलायची पंचाईत होती, कारण एकीचं इंग्रजी यथातथा आणि दुसरीचं त्याहून. शेवटी त्यांची कॉमन भाषा कुठली झाली माहितीये का, भाजीवाल्याची हिंदी. "भैया कितना, जादा है, छोडो." आख्खी भांडणं ह्या तीन शब्दांत व्हायची.

तेव्हा सरळ विचारा, कुठल्या देशाचा, कुठल्या गावचा. गावाचं नाव विचारलं की माणूस खुलतो, सातारचा असो की दार-एस-सलामचा.

हे लोक पुण्यातच का येतात?

इंग्रजीतून शिक्षण, युरोपापेक्षा कमी फी, आणि आधीच आलेला कुणीतरी चुलतभाऊ. काहींना आयसीसीआरची स्कॉलरशिप असते, ही सरकारी संस्था १९५० साली मौलाना आझादांनी सुरू केली आणि आफ्रिकन देशांतल्या मुलांना ती अजूनही शिष्यवृत्त्या देते. बाकीचे स्वतःच्या पैशाने. "स्वतःच्या" म्हणजे बापाची जमीन, मोठ्या बहिणीचा पगार वगैरे, आपल्याकडे असतं तसंच.

फ्लॅट द्यायचाय, कागदपत्रं काय लागतात? पोलिसांची कटकट होते का?

कटकट नाही, काम आहे. पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी, कॉलेजचं बोनाफाईड किंवा अ‍ॅडमिशन लेटर घ्या. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. ही जबाबदारी घर देणाऱ्याची, मुलाची नव्हे. लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायचं, ते तर महाराष्ट्रात कुठलाही भाडेकरू असला तरी करावंच लागतं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर मुलाला स्वतःलाही आल्यापासून १४ दिवसांत रजिस्ट्रेशन करावं लागतं, तेही आता ऑनलाइन होतं.

आता ह्यातली मेख ऐका. बरेच घरमालक म्हणतात, राहू दे ना अ‍ॅग्रीमेंट, कॅशमध्ये भाडं दे. त्यांचे स्टँप ड्युटीचे दोन पैसे वाचतात, पण मुलाला व्हिसा वाढवताना पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो नसला की त्याचं सगळं अडकतं, मग मुदत उलटते, आणि मग पेपरमध्ये येतं "बेकायदा वास्तव्य". कुणाच्या आळशीपणामुळे बेकायदा ते कोणी छापत नाही.

आणि डिपॉझिट. इतरांकडून दोन महिन्यांचं घेता तर ह्यांच्याकडूनही दोनच घ्या की. "फॉरेनर रेट" हा प्रकार मी इतका बघितलाय की आता राग पण येत नाही, नुसता कंटाळा येतो.

घरमालक तयार आहे पण सोसायटी नको म्हणते, काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं एवढंच. पण नियम दाखवून घर मिळवलं तर त्या घरात दोन वर्षं सुखाने राहता येत नाही, हेही खरंय. लिफ्टमध्ये लोक गप्प होतात ना, त्यावर उपविधी नाही.

आमच्या वेळचं सांगतो. मी फोन करायचो, आवाज मराठी, आडनाव मराठी, घरमालक एकदम खूष, या या बघायला. दोघं गेलो की दारातच चेहरा बदलायचा. मग एकेकाची कारणं, फॅमिलीलाच द्यायचाय, कालच टोकन आलं, मिसेसला विचारून सांगतो. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे काय कमी आहे का, दुसरा पार्टनर मिळत नाही का? अकरा घरं झाली. बाराव्या घरी एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, थेट त्याला विचारलं, स्वयंपाक करता येतो का, कचरा रोज खाली नेशील का, वडील काय करतात. तो म्हणाला वडील शिक्षक आहेत. झालं, घर मिळालं, आणि जाताना त्या मला म्हणाल्या, "तुझ्यावरच लक्ष ठेवावं लागेल असं दिसतंय."

म्हणून सोसायटीवाल्यांना माझं एकच म्हणणं, मीटिंगमध्ये "आफ्रिकन नकोत" वर चर्चा करण्याआधी त्या एका मुलाला बोलवा, चहा द्या आणि बाईंनी विचारले ते तीन प्रश्न विचारा. नाही पटला तर नका देऊ. पण नकार द्यायचा तर त्या मुलाला बघून द्या, खंडाला बघून नको.

पण ड्रग्ज, ऑनलाइन फ्रॉड, बातम्या येतात त्या काय खोट्या?

खोट्या नाहीत. पकडले गेलेत, जातात, आणि ज्याने केलं त्याला शिक्षा व्हावी. पण बातमीत आपल्या माणसाचं नाव येतं आणि त्यांच्या माणसाचा देश येतो, फरक तिथे पडतो. सातारच्या माणसाने बँक बुडवली म्हणून मला कोणी घर नाकारत नाही.

आणि अफवेचं काय होतं ते पण बघा. मार्च २०१७, ग्रेटर नोएडा. एक मुलगा बेपत्ता झाला, लोक शेजारच्या नायजेरियन भाडेकरूंच्या घरात घुसले, ह्यांनी त्याला खाल्लं असेल इथपर्यंत बोललं गेलं. शिकलेल्या लोकांच्या वस्तीत! मुलगा घरी परत आला, पुढे दुर्दैवाने वारला, आणि मग ज्यांचा काही संबंध नव्हता अशा आफ्रिकन मुलांना मॉलमध्ये खुर्च्यांनी मारलं. त्याच्या आदल्या वर्षी बेंगळुरूमध्ये एका सुदानी माणसाच्या गाडीखाली बाई गेली आणि जमावाने मारलं मागून आलेल्या टांझानियाच्या मुलीला. देश वेगळा, गाडी वेगळी, माणूस वेगळा, पण रंग तोच ना. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत वसंत कुंजला रिक्षावरून वाद झाला आणि काँगोच्या एका तरुणाचा जीव गेला.

नोएडाच्या वेळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या आईचा मोझांबिकहून व्हिडिओ कॉल आला होता, रडत होती. माझ्या आईने फोन घेतला. तिला पोर्तुगीज येत नाही, त्यांना मराठी येत नाही, दोघी पाच मिनिटं बोलल्या. आई एवढंच म्हणत होती, "मी आहे ना, मी आहे ना खाली." तिकडची बाई मान डोलावत होती. काय कळलं कुणास ठाऊक, पण रडणं थांबलं.

त्यांना काय म्हणायचं? काळू, हबशी, निग्रो हे चालतं का, आम्ही प्रेमाने म्हणतो.

नावाने हाक मारा, नाव असतं त्यांना. प्रेमाने वगैरे ठीक आहे, पण प्रेम समोरच्याला कळायला पाहिजे. वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी आयपीएल खेळायचा तेव्हा टीममध्ये त्याला काळू म्हणायचे, त्याला वाटायचं ताकदवान घोडा असा काहीतरी भारी अर्थ असेल. २०२० मध्ये खरा अर्थ कळला तेव्हा तो जाहीरपणे बोलला, चिडून. इतकी वर्षं आपण हसत होतो आणि ते आपल्यावरच हसत होते, हे कळल्यावर कसं वाटेल सांगा.

हबशी हा शब्द मुळात शिवी नाही, हबश म्हणजे इथिओपिया, तिकडचा तो हबशी. हबशी हलवा पण असतो, काळपट रंगाचा, छान लागतो. पण आज रस्त्यात कोणी हबशी म्हणून ओरडतो तेव्हा त्याच्या डोक्यात ना इथिओपिया असतो ना हलवा. निग्रो तर बिलकुल नको. "ब्लॅक" हा शब्द चालतो, पण त्याचीही गरज किती वेळा पडते? "तो ब्लॅक मुलगा" ऐवजी "तो बी विंगमधला, फार्मसीचा" म्हणा की.

आणि हा रोग नुसता परदेशी लोकांपुरता नाहीये. विठोबा काळा, पांडुरंगासमोर आपण लोटांगण घालतो, आणि घरी येऊन स्थळांच्या यादीत गोरीपान शोधतो. फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० मध्ये बदललं, ट्यूब तीच आहे. माझ्या चुलत बहिणीला आख्खं लहानपण रंगावरून ऐकावं लागलं, त्यामुळे वरच्या मुलींशी तिचं जेवढं पटलं तेवढं घरात कुणाशीच पटलं नाही.

केसांना हात लावून बघितला तर चालेल का?

नको. विचारून पण शक्यतो नको, ओळख नसताना तर नकोच. दिवसातून पाचवा माणूस असतो तुम्ही.

त्या वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात. रविवारी वर गॅलरीत एक खुर्चीत, दुसरी मागे उभी, मध्ये कंगवा, तेल, कृत्रिम केसांची पाकिटं, केस बोटांना निसटू नयेत म्हणून मधूनमधून जेल. आधी मधोमध भांग, मग चौकोन, प्रत्येक चौकोनातून एक वेणी, मुळाशी इतकी घट्ट की पहिल्या रात्री झोप लागत नाही. आई चहा घेऊन वर जायची आणि दोन तास तिथेच. तिचं म्हणणं, आमच्या लहानपणी आजी पाच पेडी घालायची तेव्हा असंच डोकं दुखायचं. आणि ज्यांना परवडतं ते खऱ्या केसांचे एक्स्टेन्शन लावतात, ते केस बऱ्याचदा भारतातूनच गेलेले असतात, तिरुपतीला अर्पण केलेले केस लिलावात विकले जातात आणि जगभर फिरतात. म्हणजे लागोसमधली एखादी मुलगी डोक्यावर जे मिरवतेय ते कदाचित आपल्याच कुणाचा नवस असेल.

मुलांचा प्रॉब्लेम वेगळा, आपल्या सलूनवाल्यांना ते केस कापायची सवय नाही. माझ्या रूममेटचा पहिला हेअरकट बघून मी हसलो होतो, तो आठवडाभर टोपी घालून कॉलेजला गेला. मग कळलं की त्यांच्यातलाच कोणीतरी सीनियर ट्रिमर घेऊन रूमवर कटिंग करतो. नवीन मुलांनी हा पत्ता पहिल्या आठवड्यात मिळवावा.

सेल्फी?

विचारा. आणि ते हो म्हणाले तरी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून फोटो काढायचा असेल तर जरा स्वतःलाच विचारा की का.

ते काय खातात? वास येतो अशी तक्रार आहे.

वास आपल्या सुकटीचाही येतो. सोडा ना.

पूर्व आफ्रिकेतल्या लोकांचं मुख्य अन्न उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी पळीने घोटत राहायचं, घट्ट गोळा होईपर्यंत. आमच्या आईने माझ्या रूममेटला ती करताना पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, ही तर उकड, फक्त ताक-लसूण विसरलाय. दुसऱ्या दिवशी तिने तांदळाची उकड करून पाठवली, त्याने हाताने गोळा केला, अंगठ्याने मधे खड्डा पाडला आणि त्यात मटणाचा रस्सा भरून खाल्ला. आई बघतच राहिली. इथिओपियाचं इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी आंबोळी समजा, जाळीदार आणि आंबट. नायजेरियन मुलं रव्याचा घट्ट गोळा करून खातात, आपला उपमा फोडणीशिवाय. आणि कसावा, ज्याचे तिकडे दहा प्रकार होतात, त्या कंदापासूनच आपला साबुदाणा बनतो. एकादशीला दोघांच्या ताटात एकच कंद.

अजून एक गंमत, ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. भाकरीला आपण इतकं आपलं मानतो की ती परदेशी आहे हे सांगितलं तर लोक भांडायला उठतात. मी एकदा गावाकडे पंगतीत सांगितलं होतं, चुलत्यांनी दोन दिवस बोलणं टाकलं.

जेवायला बोलावणार असाल तर तिखट कमी वगैरे गृहीत धरू नका, बऱ्याच जणांना चांगलं झणझणीत चालतं. काही मुस्लिम असतात, काहीजण डुक्कर खात नाहीत, इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तर वर्षात इतके उपास करतात की आईने हात टेकले. विचारून घ्या, कुठल्याही पाहुण्याला विचाराल तसं.

मोठ्याने बोलतात, गाणी लावतात, रविवारी प्रार्थनेचा आवाज येतो.

येतो. अकरानंतर येत असेल तर दार वाजवून सांगा, तुमच्या पुतण्याला सांगाल त्या आवाजात. ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका आणि पहिल्याच वेळी पोलिसांना फोन करू नका, कारण इंडियन मुलांच्या पार्टीला पोलीस आले की समज देऊन जातात, ह्यांच्याकडे आले की पासपोर्ट मागतात. दहा दिवस ढोल-ताशा ऐकणाऱ्या शहराने आवाजावर फार ताणू नये असं माझं वैयक्तिक मत.

मराठी शिकतात का?

शिकतात, शिकवलं तर. गोची ही की आपणच लगेच हिंदीत शिरतो.

स्वाहिलीवाल्यांना तर आपले शब्द ओळखीचेच असतात, व्यापारातून गेलेले किंवा अरबी-फारसीतून दोघांकडे आलेले. गाडीला गारी, पैशाला पेसा, विम्याला बिमा, दुकानाला दुका, धोब्याला दोबी, वकिलाला वकिली, चपातीला चपाती. माझा रूममेट पहिल्या महिन्यात रिक्षावाल्याचं बोलणं ऐकून म्हणाला, हा माझी भाषा चुकीची बोलतोय.

पण नात्यांमध्ये सगळा घोळ. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे बहीण! बाबा तेवढा बाबाच. तो सातारला आमच्या घरी आला आणि आदराने माझ्या आईला "मामा" म्हणायला लागला. शेजारच्या आजींनी दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी आईला म्हणाल्या, अगं तो तुला मामा का म्हणतो, मिशी आलीय का तुला. माझ्या बहिणीला तो "दादा" म्हणायचा, ती चिडायची. आणि मी त्याला एकदा प्रेमाने "दादा" म्हणालो तर तो दचकून बघायला लागला.

(त्यांच्याकडून) लोक टक लावून का बघतात?

हा प्रश्न प्रत्येक नवीन मुलगा पहिल्या पंधरा दिवसांत विचारतो. मी खरं सांगतो, आपल्याकडे बघणं हा उद्योग आहे, खड्डा खणत असले तरी चाळीस माणसं बघतात. काही बघणं नुसतं कुतूहल असतं, तू हसून नमस्कार म्हणालास तर समोरचा लगेच वितळतो आणि लग्न झालंय का विचारतो. काही बघणं तसलं नसतं आणि ते तुला माझ्याआधी कळेल. तिथे हसायची काहीच सक्ती नाही.

(त्यांच्याकडून) बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी का राहते?

ह्याला माझ्याकडे उत्तर नाहीये. रूममेटला मी खोटं सांगायचो, तू उंच आहेस, पाय पसरून बसतोस. मग एकदा मुद्दाम लांब उभा राहून बघितलं. संध्याकाळची बस, दांड्याला लोंबकळणारी माणसं, आणि त्याच्या शेजारी खिडकीची आख्खी सीट मोकळी. एक बाई आल्या, हातात पिशवी, सीटकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि उभ्याच राहिल्या. तो मोबाईलमध्ये बघत होता पण स्क्रीन बंद होती.

(त्यांच्याकडून) वर्गात सगळे मित्र आहेत, पण घरी कोणीच बोलवत नाही, असं का?

माझ्या मते मिसळण्याचा सगळा मामला इथेच अडतो. बाकी शिव्या, टकमक, फॉरेनर रेट, हे त्रासाचं आहे पण दिसतं तरी. हे दिसत नाही. कँटीनला गळ्यात गळे, असाइनमेंटला मदत, पार्टीला ह्यांचं डान्स पाहिजे, आणि दिवाळीत होस्टेल रिकामं झालं की ते एकटे. आपली मुलं वाईट नसतात, त्यांना घरच्यांची भीती वाटते, आई काय म्हणेल, आजी कुठलं ताट देईल. हे "कुठलं ताट" आपल्याला नवीन नाहीये, ते कुणाकुणाला वेगळं दिलं जायचं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. ह्याच पुण्यातून १८७३ साली जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, म्हणजे हे दोन धागे एकच आहेत हे त्यांना तेव्हा दिसलं होतं.

मी पण पहिली दिवाळी त्याला रूमवर सोडूनच गेलो होतो. आलो तेव्हा त्याने सगळा फ्लॅट पुसून काढला होता आणि दारात एक पणती, कुठून आणली कोण जाणे, तेल संपून काळी पडलेली. पुढच्या दिवाळीला घेऊन गेलो. आईला फोनवर सांगितलं तेव्हा दोन सेकंद शांतता होती, मग म्हणाली, उंची किती आहे, गादी पुरेल का.

त्यामुळे इकडच्या मुलांना सांगतो, एकदा विचारून तर बघा घरी. आणि तिकडच्या मुलांना सांगतो, बोलावणं आलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका, केळी न्या, चपला बाहेर काढा, आणि "बस झालं" म्हटल्यावरही वाढतील, त्यासाठी पोटात जागा ठेवा. सगळं आपणच सोसायचं, सगळं आपणच शिकायचं असं मात्र करू नका. अर्धा जिना त्यांनी पण उतरायचाय.

आपल्याकडे आधी कधी आफ्रिकन लोक होते का?

होते म्हणजे काय, राज्य करत होते. मलिक अंबर, जन्म इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि तिचा कर्ताकरविता झाला. मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद, आत्ताचं छत्रपती संभाजीनगर. तिथले पाण्याचे नहर त्याचे, कबर खुलताबादला. जंजिऱ्याचे सिद्दी तर शाळेतच शिकलोय, ते संस्थान १९४८ पर्यंत होतं.

आणि आजही कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी लोक राहतात, पिढ्यान्‌पिढ्या भारतीय, घरात कोंकणीसारखी भाषा बोलतात. त्यांनाही मोठ्या शहरात गेलं की लोक विचारतात, तुम्ही कुठल्या देशाचे. इथिओपियाच्या मुलीला मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, त्याला घर कोणी दिलं होतं?

सिकलसेल नावाचा आजार त्यांच्याकडून येतो का?

अजिबात नाही, तो संसर्गाने होत नाही, आईबापाकडून येतो. आणि आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागात तो आधीपासून आहे. उलट अचानक खूप अंग दुखणं सुरू झालं तर आफ्रिकन विद्यार्थ्याने डॉक्टरांना स्वतःहून सिकलसेलबद्दल सांगावं. पीतज्वराची लस मात्र तिकडच्या बऱ्याच देशांतून येताना घेऊनच यावं लागतं, त्याचं कार्ड विमानतळावर बघतात.

प्रेम, लग्न?

होतात. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदणी होते, ३० दिवसांची नोटीस असते. घरच्यांचं काय करायचं ते मला विचारू नका, माझं स्वतःचं आंतरजातीय झालंय तर अजून मावशी बोलत नाही.

आमच्या मुलाला परदेशात असं काही होत नाही, मग आम्हीच का एवढा विचार करायचा?

हे एका घरमालकांनी विचारलं होतं, मुलगा मेलबर्नला. २००९ मध्ये त्याच मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, मुलं रस्त्यावर उतरली होती, आठवतं का विचारलं. आठवत होतं. मुलाला पहिलं घर कसं मिळालं विचारलं. म्हणाले एका लेबनीज बाईंनी दिलं, फार चांगल्या होत्या, मुलगा अजून ख्रिसमसला फोन करतो. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. घर त्यांनी नाहीच दिलं, हेही सांगतो, कारण असले प्रसंग सिनेमात जसे संपतात तसे खरे संपत नाहीत.

माणूस मिसळला हे कधी समजायचं?

माझा ठोकताळा असा, पाहुणा असेपर्यंत सगळे गोड बोलतात. ज्या दिवशी खालच्या काकू "मोटर चालू ठेवून गेलास ना, टाकी वाहिली" म्हणून इतरांना झापतात तशा त्यालाही झापतात, त्या दिवशी तो सोसायटीचा झाला. आमच्याकडे वरच्या मुलींना ते भाग्य पाचव्या महिन्यात लाभलं. आईने खालून आवाज दिला, गच्चीवरचे कपडे कोण काढणार, पाऊस आलाय दिसत नाही का. मोझांबिकची पळत आली आणि ओरडून म्हणाली, "आलो!" आलो की आले हा घोळ शेवटपर्यंत राहिला.

परत जाताना काय घेऊन जातात?

प्रेशर कुकर. जवळजवळ सगळेच. मटण लवकर शिजतं म्हणून. माझ्या रूममेटने पाच लिटरचा घेतला, हँडबॅगेत घालून नेला, विमानतळावर त्याच्यावरून अर्धा तास चौकशी झाली. आता तो दार-एस-सलामला अकाउंट्स बघतो, दोन मुलं आहेत. गेल्या महिन्यात त्याचा व्हिडिओ आला, गॅसवर तोच कुकर, झाकणाच्या कडेने फसफस वाफ जातेय आणि हा वैतागलेला: "मामाला विचार, शिट्टी होत नाही." आईने चष्मा लावून व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाली, रिंग बदल म्हणावं, आणि झाकण उलटं लावलंय ते आधी बघ.